साबणातला मध : काय टिकतं आणि काय जातं

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन तऱ्हेची माणसं आम्हाला भेटली. काहींनी विचारलं, साबणावर तासभर काय बोलणार? आणि काही बचत गटांच्या ताई म्हणाल्या, बरं झालं, आम्हाला मधाचा साबण करून विकायचाच आहे, कृती सांगा. कृती सांगणार आहोत, मापासकट. पण त्याआधी एक प्रश्न सोडवून घेऊ, कारण तुमचे पैसे आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, दोन्ही त्यावर अवलंबून आहे. प्रश्न असा, की साबणात घातलेला मध हा शेवटी मध म्हणून उरतो का?

उत्तर लपवून ठेवत नाही. बहुतांशी उरत नाही. मधातली साखर साबणात काम करते आणि चांगलं काम करते. पण ज्या गुणांसाठी घरोघरी मधाची बाटली जपून ठेवलेली असते, भाजलं-कापलं तर लावायला म्हणून, ते गुण साबणाच्या पातेल्यात फार काळ तग धरत नाहीत. हे असं का होतं, ते आता पाहू.

साबण म्हणजे काय इथून सुरुवात करू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचं लग्न लागलं की दोन अपत्यं होतात, एक साबण आणि दुसरं ग्लिसरीन. तेलाचा रेणू तुटतो, त्यातली स्निग्धाम्लं सोडियमला चिकटतात, आणि उरलेला सांगाडा ग्लिसरीन म्हणून बाहेर पडतो. कारखान्यात हे ग्लिसरीन बहुधा वेगळं काढून विकतात. घरच्या साबणात ते वडीतच राहतं. घरचा साबण अंगाला मऊ लागतो त्यात या ग्लिसरीनचा वाटा मोठा आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं श्रेय पुष्कळदा मधाला मिळतं.

आता मध बघा. चांगल्या पिकलेल्या मधात पाणी साधारण १७ ते २० टक्के असतं. बाकीचा जवळजवळ सगळा भाग साखरेचा, पण आपल्या डब्यातली साखर नव्हे. फ्रुक्टोज अंदाजे ३८ टक्के आणि ग्लुकोज ३१ टक्क्यांच्या आसपास. मग थोडी आम्लं, थोडी विकरं म्हणजे एन्झाइम्स, परागकण, सुगंधी द्रव्यं. मध वर्षानुवर्षं नासत नाही आणि जखमेवर उपयोगी पडतो, याची मुख्य कारणं तीन. एक, तो इतका दाट असतो की जंतूला जगायला लागणारं मोकळं पाणी त्यात मिळत नाही. दोन, तो आंबट असतो. जिभेला गोड लागतो म्हणून आपल्याला कळत नाही, पण त्याचा सामू, म्हणजे पीएच, चारच्या आसपास असतो. तीन, मधमाशीने त्यात घातलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर. मध थोडा पातळ झाला की हे विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. मेडिकलमधून आणून जखम धुतो तेच द्रव्य, फक्त फार सौम्य प्रमाणात.

आता ही तिन्ही कारणं साबणाच्या पातेल्यात टाका. दाटपणा? चमचाभर मध पाऊण किलो मिश्रणात विरघळला, दाटपणा संपला. आंबटपणा? कॉस्टिकच्या द्रावणाचा सामू चौदाच्या घरात असतो, तयार साबणाचाही नऊ-दहा राहतो. आम्ल तिथे कसं उरणार? आणि विकर हे एक प्रथिन आहे. तीव्र अल्कलीत आणि उष्णतेत प्रथिनाची घडी विस्कटते. उकडलेलं अंडं जसं पुन्हा कच्चं होत नाही, तसं हे विकरही परत कामाला लागत नाही.

(टेबलावरच्या नळ्या दाखवत) हे तोंडी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं. इथे तीन काचेच्या नळ्या आहेत. पहिल्या नळीत मधाचं पाणी, दुसरीत मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ग्लुकोज पावडरचं पाणी, तिसरीत आपल्या चहाच्या साखरेचं. तिन्हींत कॉस्टिकचं थोडं द्रावण घातलंय आणि नळ्या गरम पाण्यात उभ्या केल्यात. आपण बोलत होतो तेवढ्यात काय झालं बघा. मध पिवळा होऊन तपकिरी झाला. ग्लुकोजही झालं. चहाची साखर मात्र होती तशीच आहे. ज्यांनी महाविद्यालयात रसायनशास्त्र घेतलं होतं त्यांना मूरची चाचणी आठवत असेल, ती हीच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज कॉस्टिकमध्ये मोडतात, त्यांची वेगवेगळी आम्लं बनतात, त्यात दह्यातलं लॅक्टिक आम्लही असतं, आणि सोबत हे तपकिरी रंगाचे पदार्थ तयार होतात. म्हणजे मधाच्या साबणाला जो सुंदर बदामी रंग येतो तो मधाचा रंग नव्हेच. तो मध मोडल्याचा रंग आहे.

या एका प्रयोगातून तीन व्यवहारी गोष्टी निघतात. रंग का येतो हे कळलं. दुसरं, मध घातला की साबणाचा घाणा एकदम का तापतो तेही कळलं, कारण मोडतोड होताना उष्णता बाहेर पडते आणि साबण बनतानाच्या उष्णतेत तिची भर पडते. आणि तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. ही नवी आम्लं कॉस्टिकचा काही भाग खाऊन टाकतात. तेवढ्या कॉस्टिकचं तेल तसंच राहतं. त्यामुळे ‘जास्त मध तर जास्त चांगला साबण’ म्हणून कुणी अर्धी वाटी ओतली, तर वडी मऊ, चिकट राहते आणि मोरीत चार दिवसांत तिचा लगदा होतो.

मग मधाने साबणाला मिळतं तरी काय? फेस. ही खरी कमाई आहे. साखर जवळ असली की साबण पाण्यात लवकर विरघळतो आणि बुडबुडे चटकन, भरपूर येतात. पारदर्शक साबण करणारे साखरेचा पाक घालतात तेव्हा तेही साखरेच्या याच स्वभावाचा फायदा घेत असतात. आपल्याकडे याचं महत्त्व जरा जास्त. प्रवरेच्या कालव्याखालच्या गावांत काय किंवा साकूर-घारगावच्या पठारावर काय, विहिरी-बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारी साय बनते, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते ती. हे मध थांबवू शकत नाही. पण खोबरेलाचं प्रमाण पुरेसं आणि जोडीला थोडी साखर असली तर जड पाण्यातही फेस बरा येतो.

आणि आता थोडं अप्रिय बोलतो. फेसाचं हे काम साधी साखरही करते. आपला तालुका उसाचा, साखरेला काय तोटा? साखर घातली तर वडी पांढरी राहते आणि घाणा मधाइतका बेफाम तापत नाही. मग त्याच कामासाठी मध का घालायचा, असा प्रश्न कुणी विचारला तर रसायनशास्त्राकडे फार जोरदार उत्तर नाही. रंग मिळतो, किंचित गोडसर वास राहतो, आणि नाव मिळतं.

नावाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. पण मधामागचा हिशेबही माहीत असावा. एक कामकरी माशी तिच्या उभ्या आयुष्यात साधारण चहाच्या चमच्याचा बारावा भाग मध गोळा करते असं सांगतात. म्हणजे एक चमचा मध ही डझनभर माश्यांची जन्माची मिळकत. आपल्या शेजारी अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि महादेव कोळी मंडळी आग्या मोहोळाचा, सातेरीचा मध काढतात. इकडे डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी माश्यांच्या पेट्या ठेवतात. (आणि त्याच बागेत भर दुपारी फवारणी करतात, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) साताऱ्याकडे महाबळेश्वरला मध संचालनालय कित्येक दशकं काम करतंय, आणि २०२२ मध्ये तिथलंच मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून पुढे आलं. त्या वाटेवरून शिकण्यासारखं हे, की मधाला मध म्हणून, नावागावासकट विकलं की मोल येतं. कुठल्या फुलोऱ्याचा, कुठल्या डोंगराचा, कोणत्या महिन्यातला. ही सगळी ओळख कॉस्टिकच्या पातेल्यात पुसली जाते. जांभळाचा मध असो की कारवीचा, साबणात गेला की दोघांचा रंग बदामीच.

भेसळीचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली आणि ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं सांगितलं. कंपन्यांनी ते नाकारलं, बराच वाद झाला. खाण्याच्या मधाबाबत ही गंभीर गोष्ट आहे. साबणाला मात्र शुद्ध मध आणि पाक मिसळलेला मध यांतला फरक जवळजवळ कळतच नाही. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. उत्तम, ताजा, रानातला मध हाती आला तर तो खा, विका, नातवाला चाटवा (पण बाळ एक वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही). साबणाला घालायचाच असेल तर जुना, दाणेदार झालेला, तळाशी उरलेला घ्या.

चला, कृती. वही काढा.

खोबरेल तेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. एकूण अर्धा किलो. सगळं वजनाने, वाटीने नाही. दर ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. गुणाकार करून बेरीज केली की ७९.३५ ग्रॅम येतात. त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल साबण न होता त्वचेसाठी शिल्लक राहतं आणि मोकळा कॉस्टिक उरत नाही. तर कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम. पाणी १५० ग्रॅम, आणि ते बोअरचं नको, आरओचं किंवा पावसाचं घ्या. मध १० ग्रॅम. तेल बदललं तर आकडा बदलतो, शेजारणीने सांगितलं म्हणून शेंगदाण्याऐवजी सगळं खोबरेल ओतलं असं चालणार नाही.

कॉस्टिकबद्दल आता हात जोडून सांगतो. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. पोरंबाळं आणि मांजर खोलीबाहेर. पाण्यात कॉस्टिक घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, कॉस्टिक ते खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा. व्हिनेगर, लिंबू शोधत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुवत धुवतच डॉक्टर गाठा.

१५० पैकी २० ग्रॅम पाणी बाजूला काढा आणि त्यात मध विरघळवून ठेवा. उरलेल्या १३० ग्रॅममध्ये कॉस्टिक. हे द्रावण कढत होतं, वाफ येते, नाक लांब ठेवा. ते आणि तेल, दोन्ही ३५ ते ३८ अंशांपर्यंत निवू द्या. साध्या साबणाला थोडं कमीजास्त चालतं, मधाच्या साबणाला नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच चाळिशी गाठते, त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. थंडीत उलट, खोबरेल थिजलेलं असेल, ते आधी वितळवून घ्या. मग द्रावण तेलात ओतून घोटा. हातब्लेंडर असला तर काही मिनिटांत मिश्रण पातळ कढीसारखं होतं, वरून थेंब टाकला की क्षणभर त्याची रेघ दिसते. त्या क्षणी मधाचं पाणी घाला, झटपट ढवळा, साच्यात ओता. रेंगाळू नका, मध घातल्यावर ते भराभर घट्ट व्हायला लागतं.

पुष्कळ कृतींत लिहिलेलं असतं की साचा टॉवेलात गुंडाळून उबेला ठेवा. मधाच्या साबणाला हे करू नका. आतून तापून वडीला मधोमध भेग पडते, कधी मिश्रण फुगून ज्वालामुखीसारखं साच्याबाहेर येतं. उघडाच ठेवा, पंख्याखाली. उन्हाळा असेल तर सरळ फ्रीजमध्ये, पण खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा आणि झाकलेल्या जागी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्या.

आता याच मापावर एक हिशेब करा. सगळं मिळून ७३५ ग्रॅम, त्यातून शंभर ग्रॅमच्या सात वड्या. दहा ग्रॅम मध सात वड्यांत वाटला. एका वडीच्या वाट्याला दीड ग्रॅमही येत नाही, आणि तोही मोडलेला. आता बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावरचं ते मधाचं ओघळणारं पोळं आठवा.

इथे वेष्टनाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. संगमनेरात घरबसल्या कामाची परंपरा जुनी आहे, किती घरं बिडी वळण्यावर चालली. साबण हे त्याहून बरं काम आहे. पण घरी वापरायला करणं वेगळं आणि विकणं वेगळं. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात, आणि विक्रीसाठी उत्पादन करायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ‘जंतुनाशक’, ‘मुरुम घालवतो’, ‘खरूज बरी करतो’ असं छापलं की मामला औषधाच्या हद्दीत जातो. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ज्या बाईला मधुमेहामुळे पायाला जखम आहे तिने तुमचं वेष्टन वाचून त्या जखमेला साबण चोळला आणि डॉक्टरकडे जाणं आठवडाभर लांबवलं, तर? दवाखान्यात जखमेसाठी जो मध वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, जखमेवर तसाच तासन् तास ठेवतात. अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या साबणाशी त्याचं काही नातं नाही. तेव्हा लिहायचं ते असं लिहा: खोबरेल, शेंगदाणा तेल, एरंडेल, मध सुमारे दीड टक्का. भरपूर फेस, बदामी रंग, हाताने बनवलेला. एवढ्यावर साबण विकला जातो, कारण तेवढं खरं आहे आणि पहिल्याच आंघोळीत पटतं.

मोहोळातलंच काही साबणात टिकावं असं वाटत असेल, तर मेणाकडे बघा. पोळं पिळून मध काढला की जो चोथा उरतो तो पुष्कळदा फेकून देतात. तो गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळला की निवल्यावर वर मेणाची चकती जमते. मेणाचा बराच भाग कॉस्टिकला दाद देत नाही, तसाच राहतो आणि वडी टणक करतो. अर्धा किलो तेलाला पाच ग्रॅम पुरे, जास्त झालं तर फेस मरतो. फक्त अडचण अशी की मेण साठ अंशांच्या वर वितळतं, आणि मधाला तर थंडावा हवा. दोघांना एका पातेल्यात नांदवणं सरावाचं काम आहे. पहिल्या घाण्यात एकच काहीतरी घ्या.

आता तुमचे प्रश्न.

एका ताईंचा प्रश्न आहे की तयार साबणाचा बेस वितळवून त्यात मध घातला तर गुण राहतील का. त्यात मोकळा कॉस्टिक नसतो, त्यामुळे मध एवढा तपकिरी होत नाही. पण बेस गरम असतो आणि अल्कलीच असतो, विकर तिथेही टिकण्याची आशा धरू नका. शिवाय मध जास्त झाला तर वडीला घाम सुटतो.

आजोबा विचारताहेत, मध तापवू नये असं आयुर्वेद सांगतो, मग साबणातला मध विषारी होत नाही का? आजोबा, तो नियम खाण्याच्या मधाचा आहे, आणि साबण कुणी खात नाही. पण तापवल्याने मधाचं काहीतरी बिघडतं, हे निरीक्षण आपल्या लोकांनी फार आधी केलं होतं, एवढं तुमच्या प्रश्नातून दिसतं. मध अंगाला लावायचाच असेल तर डाळीच्या पिठात किंवा मसुराच्या पिठात कालवून तसाच लावा, दहा मिनिटं ठेवा, कोमट पाण्याने धुवा. त्यात मध मोडत नाही. कोपराच्या आत थोडा लावून बघा आधी, कुणाकुणाला सोसत नाही.

शेवटचा प्रश्न, दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी विकायचाय तर कधी करायला घ्यावा. गणपती बसले की सुरुवात करा आणि विसर्जनापर्यंत वड्या कापून मोकळ्या व्हा, म्हणजे सहा आठवडे हातात राहतात. सर्वपित्री उजाडेपर्यंत थांबलात तर मुरायला जेमतेम महिना मिळतो. तेव्हा हवेत दमट असतं, साखरेचा साबण ओल ओढतो, म्हणून वड्या प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. बांबूच्या ताटीवर अंतर ठेवून मांडा, आठवड्यातून एकदा उलटा, आणि कागद गुंडाळायचा तो वसुबारसेच्या आदल्या दिवशी.